ओल्या सावलीतले देशी लव्हाळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लव्हाळा? तो तर शेतातून उपटून उपटून थकतो आम्ही. तो मुद्दाम लावायचा?

तो नाही. शेतकऱ्याला छळणारा लव्हाळा म्हणजे सायपेरस रोटंडस, ज्याच्या सुगंधी गाठींना नागरमोथा म्हणतात. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळच्या माळ तयार होते. वरचं पातं ओढलं की ते तुटून हातात येतं आणि गाठी खाली शाबूत राहतात, म्हणून तो जाता जात नाही. जगातल्या सर्वांत चिवट तणांत त्याचं नाव घेतात ते उगाच नाही.

पण तो एका मोठ्या कुळातला एकच सदस्य. या कुळाला सायपेरेसी म्हणतात आणि त्यात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांतलं सर्वांत मोठं घराणं कॅरेक्स. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली हे नाव छापलं, आणि आज त्यात दोन हजारांच्या आसपास जाती मोजतात. ओल्या, सावलीच्या बागेसाठी आपण बोलणार आहोत ते मुख्यतः कॅरेक्सबद्दल. बहुतेक कॅरेक्सना नागरमोथ्यासारख्या गाठींच्या माळा नसतात. काही जाती जागच्या जागी ठोंब करून बसतात, काही आखूड मूळखोडाने हळूहळू सरकतात.

इंग्रजी नावाचा घोळ आधीच मिटवून टाकू. लव्हाळ्याला इंग्रजीत म्हणतात ते ‘सेज’, आणि ज्या झुडपाची पानं स्वयंपाकात घालतात तेही आपल्या लिपीत ‘सेज’च. नर्सरीत नुसतं ‘सेज द्या’ म्हणाल तर साल्व्हिया घेऊन घरी याल. कॅरेक्स म्हणा, आणि पुढचं जातीचं नावही सांगा.

गवत आणि लव्हाळा वेगळा ओळखायचा कसा?

फुलोऱ्याचा देठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून फिरवा. गवताचा देठ गोल असतो, सुरळीत फिरतो. कॅरेक्सचा देठ अडखळतो, कारण त्याला तीन कडा असतात. नंतर नखाने देठ चिरून बघा. गवताचा देठ बहुधा पोकळ असतो आणि त्यावर बांबूसारखी पेरं असतात. लव्हाळ्याचा देठ आतून भरीव, आणि त्यावर ती ठसठशीत पेरं नाहीत. पानं वरून पाहिली तर तीन दिशांना फुटलेली दिसतात. गवताची दोनच दिशांना असतात.

कॅरेक्सची खरी खूण मात्र त्याच्या फळात आहे. प्रत्येक बी एका छोट्या बंद पिशवीत असतं. ही पिशवी कुठे चपटी, कुठे फुगीर, कुठे चोच काढलेली, आणि जात ओळखायची ती तिच्यावरूनच. म्हणून फळ नसलेल्या रोपाकडे बघून कोणी छातीठोकपणे जात सांगू लागला तर थोडं सबुरीनं घ्या.

‘देशी’ म्हणजे नेमकं कुठलं?

तुमची बाग जिथे आहे तिथलं. एकाच जातीला एका ठिकाणी देशी आणि दुसऱ्या ठिकाणी उपरी म्हणावं लागतं. कॅरेक्स पेंड्युला हे चांगलं उदाहरण. युरोपातल्या ओलसर जंगलांत, ओढ्याकाठी तो आपल्या घरी असतो. दीड मीटरपर्यंत उंच देठ आणि त्यावरून लोंबणारी कणसं, देखणा दिसतो. तोच उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बागांतून निसटला आणि ओढ्याओढ्यांनी पसरत गेला.

देशी जातीचा आग्रह हा नुसता तत्त्वाचा नाही. उत्तर अमेरिकेत सॅटिर आणि स्किपर गटातल्या काही फुलपाखरांच्या अळ्या ठराविक लव्हाळ्यांच्या पानांवरच वाढतात. त्या अळीला जपानी रंगीत पातं म्हणजे हिरवं प्लास्टिक. तरीही बागेतलं एकूण एक रोप देशी असलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण जिथे मोठा पट्टा भरायचा आहे आणि बाग एखाद्या ओढ्याला किंवा रानाला लागून आहे, तिथे परकी, बी उधळणारी जात लावू नका. ही अट मी सोडत नाही.

माझी बाग ओलसर आहे. मग कुठलाही लव्हाळा चालेल ना?

सर्वांत जास्त रोपं याच समजुतीपायी मरतात. ‘ओलसर’ या एका शब्दात चार वेगवेगळ्या जागा मावतात. पावसानंतर दोन दिवस ओली राहणारी जागा, कायम दमट पण मोकळी माती, वर सुकी दिसणारी पण खाली पाणी धरून बसलेली चिकण जमीन, आणि वर्षातले काही महिने चक्क पाण्याखाली जाणारा खळगा. पहिल्या जागेतली जात चौथ्या जागेत कुजते आणि चौथीतली पहिलीत होरपळते.

म्हणून आधी खड्डा खणा. वीतभर रुंद, फूटभर खोल. तो पाण्याने काठोकाठ भरा आणि ते जिरू द्या. लगेच दुसऱ्यांदा भरा आणि आता घड्याळ बघा. तास-दोन तासांत पाणी गेलं तर जागा निचऱ्याची आहे, ओल टिकवायची तर पालापाचोळा लागेल. अर्धा दिवस लागला तर बहुतेक रानातले कॅरेक्स खुशीत राहतील. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाला पाणी दिसलं तर ती दलदलीच्या जातींची जागा. खणलेल्या मातीचा वासही घ्या. रानातल्या पावसाळी मातीसारखा वास आला तर ठीक. कुजक्या अंड्यासारखा आला, माती राखाडी-निळसर निघाली, तर तिथे हवा पोचत नाही. अशा मातीत तगणाऱ्या लव्हाळ्यांच्या मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. पानांतून हवा खाली उतरते, म्हणून ती मुळं बुडूनही जगतात. रानातल्या जातींत ही सोय तितकी नसते.

ही चाचणी एकदाच करून भागत नाही. कोरड्या दिवसांत एकदा आणि भर पावसात एकदा अशी दोनदा करा. माझ्या बागेतला एक कोपरा मी वर्षभर ‘दलदल’ समजत होतो. नळाची गळती दुरुस्त केल्यावर कळलं, ती बागेतली सर्वांत कोरडी जागा होती.

आणि सावली? माझ्याकडे तर ऊन येतच नाही.

दुपारी बारा वाजता त्या जागी उभे राहून पुस्तक वाचून बघा. डोळ्यांना ताण न देता अक्षर दिसलं तर उजेडी सावली आहे आणि बहुतेक रानातले कॅरेक्स तिथे छान होतील. पानांतून झिरपणारं कवडशांचं ऊन असेल तर त्याहून बरं. दोन भिंतींच्या बेचक्यातला अंधार असेल तर तिथे लव्हाळाही लांबुडका, लेचापेचा होतो, फुलत नाही, आणि दोन-तीन वर्षांत विरळ होत जातो. तिथे फर्न लावा, नाहीतर दगड ठेवा.

पिवळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या जातींना हिरव्यांपेक्षा उजेड जास्त लागतो. गडद सावलीत त्यांचा रंग मळकट होतो. निळसर पानांचंही तसंच.

मग कुठल्या जागेला कुठली जात?

नावं सांगतो, पण त्या त्या प्रदेशासह. तुमच्या भागात त्यांतली एखादी देशी नसेल तर तिच्या जोडीची स्थानिक जात शोधा. जागेचा प्रकार मात्र सगळीकडे तोच राहतो.

पूर्व उत्तर अमेरिकेच्या पानझडी जंगलात, दमट पण निचऱ्याच्या सावलीत, कॅरेक्स प्लँटाजिनिया मिळतो. लव्हाळा म्हटल्यावर जे बारीक पातं डोळ्यांपुढे येतं तसा हा मुळीच नाही. पान दोन-तीन सेंटिमीटर रुंद, पट्टीसारखं, त्यावर चुणी घातल्यासारख्या उभ्या रेषा, आणि बुंध्याशी जांभळट-लाल रंग. थंडीतही पान हिरवं राहतं. वसंताच्या सुरुवातीला, बाकी बाग झोपेत असताना, त्याचे काळपट-पिवळे फुलोरे वर येतात. गुडघे टेकून बघावं असं फूल आहे, उभ्याने दिसणार नाही. एकच जात लावायची असेल तर मी हीच सांगेन.

त्याच भागातला कॅरेक्स पेन्सिल्व्हॅनिका बारीक, मऊ, वीतभर उंचीचा आणि सावकाश पसरणारा. ओकच्या झाडांखाली तो गालिच्यासारखा दिसतो. पण त्याचा ओढा कोरडसर सावलीकडे आहे. सततच्या ओलीत तो रुसतो, आणि ‘सावलीसाठी उत्तम’ एवढंच वाचून लोक त्याला खळग्यात लावतात. दमट सावलीत त्याच्या जागी कॅरेक्स वूडाय लावावा. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या माउंट क्यूबा सेंटर या उद्यानाने २०१७ ते २०२१ या काळात सुमारे ७० प्रकारचे कॅरेक्स शेजारी शेजारी लावून पाहिले, आणि त्यांत हा फारसा कोणाला ठाऊक नसलेला वूडाय पहिला आला.

जागा त्याहून ओली असेल तर कॅरेक्स ग्रेई. गुडघ्याच्या वर उंची, आणि फळं अशी की पाहुणे थांबून विचारतात. प्रत्येक झुपक्यात टोकदार पिशव्या सगळ्या दिशांना फुटलेल्या, गदेच्या काटेरी डोक्यासारख्या. आधी हिरव्या, मग तपकिरी, आणि बरेच दिवस टिकतात. कॅरेक्स मस्किंगुमेन्सिस त्याच्या शेजारी शोभतो. पानं देठावर ओळीने येत असल्यामुळे लहानशा ताडाच्या झावळीची आठवण होते. ओहायोतल्या मस्किंगम नदीवरून त्याचं नाव पडलं. पाणी साचणाऱ्या खळग्यात कॅरेक्स क्रिनिटा आणि कॅरेक्स स्ट्रिक्टा. स्ट्रिक्टा वर्षानुवर्षं जुन्या मुळा-पानांवर नवी वाढ करत ओट्यासारखे उंचवटे बांधतो.

युरोपात दमट जंगलासाठी कॅरेक्स सिल्व्हॅटिका आणि कॅरेक्स रेमोटा, दोन्ही साधे, नाजूक. पाण्याच्या काठाला कॅरेक्स इलाटा. त्याचा सोनेरी प्रकार कवडशांच्या उन्हात ठेवला तर झगमगतो. जपानमध्ये कॅरेक्स मोरोवाय आणि कॅरेक्स ओशिमेन्सिस, ज्यांचे पट्टेदार प्रकार आता जगभर विकले जातात. पूर्व आशियातला कॅरेक्स सिडेरोस्टिक्टा रुंद पानांचा, पण थंडीत पानं पूर्ण टाकतो, तेव्हा मेला समजून उपटू नका.

हवामान उष्ण आहे. कॅरेक्स टिकेल का?

हे घराणं मुळात थंड आणि समशीतोष्ण भागाचं. वर सांगितलेल्या बऱ्याच जाती गारव्यात वाढतात आणि कडक उन्हाळ्यात नुसत्या तग धरून राहतात. रात्रीही उकाडा न उतरणाऱ्या जागी त्या हळूहळू खंगतात, कितीही पाणी घाला.

पण कुळ मोठं आहे. कॅरेक्स बॅकान्स हिमालयापासून चीन आणि आग्नेय आशियापर्यंतच्या डोंगराळ जंगलांत होतो. मीटरभर उंच, आणि फळं पिकली की लालभडक मण्यांचे घोस. लव्हाळ्याला असा रंग येऊ शकतो हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. उष्ण सदाहरित जंगलांच्या तळाशी मापानिया आणि हायपोलायट्रम हे रुंद पानांचे लव्हाळे वाढतात. ते गडद सावलीचेच रहिवासी, पण विक्रीला क्वचित दिसतात. छत्रीसारखी पानं असलेला सायपेरस मात्र सगळीकडे मिळतो. तो आफ्रिका आणि मादागास्करचा. सावली आणि पाणी दोन्ही सोसतो, पण उघड्या ओढ्याजवळ लावू नका.

माती कशी तयार करायची? खत किती?

थोडक्यात, कमीच करा. कुजलेला पालापाचोळा किंवा पानांचं खत दोन-तीन बोटं जाडीचं पसरा, वरच्या मातीत हलकं मिसळा, झालं. ताजं शेणखत नको, युरिया तर नकोच. जादा नत्राने पानं लांब आणि मऊ होऊन आडवी पडतात.

स्फुरदाची गोष्ट वेगळीच आहे. बहुतेक झाडांची मुळं मातीतल्या बुरशीशी भागीदारी करतात आणि बुरशी त्यांना स्फुरद आणून देते. लव्हाळ्यांपैकी बरेचसे या भागीदारीत पडत नाहीत. त्याऐवजी, माती स्फुरदाने गरीब असेल तर कॅरेक्सच्या कित्येक जाती गाजरासारखी फुगीर, दाट केसाळ अशी खास मुळं काढतात. ती मातीत आम्लं सोडून अडकलेलं स्फुरद मोकळं करतात. म्हणून ‘मुळांसाठी मायकोरायझा पावडर’, म्हणजे याच बुरशीची पूड, कोणी लव्हाळ्यासाठी गळ्यात मारत असेल तर पैसे वाचवा. सुपर फॉस्फेटही इथे लागत नाही.

माती किंचित आम्ल ते उदासीन असेल तर बहुतेक जातींना चालते. चिकण माती रेती घालून ‘सुधारायचा’ उद्योग करू नका. थोड्या रेतीने ती विटेसारखी घट्ट होते.

मोठ्या झाडाखाली लावायचंय, पण खणलं की मुळंच मुळं.

तिथे कुदळ चालवायचीच नाही. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात, ती तोडून लव्हाळा लावण्यात काय अर्थ आहे? आणि मुळांवर नवी माती ओतून वाफा उंच करणं त्याहून वाईट, बुंधा मातीत गाडला गेला की साल कुजते.

लहान रोपं घ्या. नर्सरीत ट्रेमध्ये मिळणारे बोटभर प्लग इथे मोठ्या कुंडीतल्या रोपांपेक्षा सरस ठरतात. अरुंद खुरप्याने मुळांच्या मधली मऊ जागा चाचपत जा. खुरपं अडलं की चार बोटं बाजूला सरका. रांगा सरळ येणार नाहीत, येऊही नयेत. इथे पहिली दोन वर्षं पाण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागेल, कारण झाड तुमच्या रोपाआधी पाणी पिऊन टाकतं. ओल्या बागेतही मोठ्या झाडाचा बुंधा ही कोरडी सावली असते, हे लक्षात घेऊनच जात निवडा.

किती अंतरावर लावू?

वीतभर उंचीच्या पसरणाऱ्या जाती २० ते ३० सेंटिमीटरवर. ३० सेंटिमीटर धरलं तर एका चौरस मीटरला ११ रोपं लागतात. ग्रेई, मस्किंगुमेन्सिस यांना ४५ सेंटिमीटर द्या. पेंड्युलासारख्या दांडग्याला मीटरभर मोकळं सोडा.

लावताना एकच काळजी: कोंब जिथून फुटतात तो बुंधा मातीच्या बरोबरीने राहिला पाहिजे. दोन बोटं खोल गेला तर ओल्या जागेत सडतो, वर राहिला तर सुकतो. आच्छादनही बुंध्यापासून चार बोटं दूर.

ओली जागा आहे, मग पाणी घालायलाच नको?

पहिलं वर्ष घालावं लागतं. कुंडीतून आलेल्या रोपाची मुळं अजून त्या ओलीपर्यंत पोचलेली नसतात. शेजारची माती ओली आणि रोपाचा गोळा आतून कोरडा, असं सर्रास होतं. बोट मातीत नको, रोपाच्या गोळ्यात घालून बघा. पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा भरपूर द्या, रोज शिंतोडे नकोत. दुसऱ्या वर्षानंतर, जात जागेला साजेशी असेल तर, बादली बाजूला ठेवायला हरकत नाही.

कापणी कधी?

थंडीत पानं वाळणाऱ्या जाती नवे कोंब निघायच्या जरा आधी, जमिनीपासून चार-पाच बोटांवर कापायच्या. उशीर झाला तर कात्री नव्या कोंबांची टोकंही उडवते आणि वर्षभर तुटक्या टोकांची पानं बघावी लागतात. वाळलेली पानं थंडीभर तशीच राहू द्या, त्यांत किडे-कोळी मुक्काम करतात.

सदाहरित जाती अशा छाटू नका. हातमोजे घालून बोटांनी केस विंचरल्यासारखं करा, मेलेली पानं आपसूक हातात येतात. मोज्यांचं विसरू नका. पात्याच्या कडेला बारीक दाते असतात, ते कागदाने कापावं तसं कापतात आणि दोन दिवस हुळहुळतं.

एका ठोंबाचे चार कसे करायचे?

नवी वाढ सुरू होताना, किंवा उन्हाळा ओसरल्यावर, तीन-चार वर्षांच्या ठोंबावर हे काम करा. आदल्या दिवशी पाणी द्या. ठोंब भोवतीने खणून काढा आणि मुळांची माती पाण्यात धुवून टाका, म्हणजे कुठे फोडायचं ते दिसतं. पसरणाऱ्या जाती हाताने सुटतात. ग्रेईसारख्या घट्ट ठोंबाला जुनी दातेरी सुरी लागते.

हावरटपणा करू नका. एकेका कोंबाचे तुकडे केले तर निम्मे मरतात. प्रत्येक फोडीला पाच-सहा कोंब आणि मूठभर मुळं असू द्या. पानं अर्ध्यावर कापा आणि त्याच दिवशी लावून टाका. ठोंबाचा मधला भाग बऱ्याचदा पोकळ, वाळका असतो, तो कंपोस्टमध्ये जाऊ द्या.

बियांपासून करता येईल?

येईल, पण धीर हवा. थंड प्रदेशांतल्या बऱ्याच जातींचं बी ओलं आणि गार ठेवल्याशिवाय जागं होत नाही. दमट वाळूत मिसळून फ्रिजमध्ये महिना-दोन महिने ठेवायचं. पेरताना वर माती पसरायची नाही, नुसतं दाबायचं, कारण त्याला उजेड लागतो. ट्रे सतत ओला राहील असा पाण्याच्या थाळीत ठेवा.

पेन्सिल्व्हॅनिकाला सकस बी कमीच धरतं, त्याचे ठोंब फोडणंच बरं. कॅरेक्स पेडुन्क्युलाटाच्या बीला एक तेलकट गाठोडं चिकटलेलं असतं. मुंग्या त्या खाऊसाठी बी ओढून नेतात आणि बी टाकून देतात. बागेत अचानक हातभर दूर नवं रोप उगवलं तर ते मुंग्यांचं काम असू शकतं.

लॉनच्या जागी लावला तर?

बघण्यासाठी असेल तर उत्तम. वर्षातून एक-दोनदा, चार-पाच बोटं उंचीवर कापला तरी पेन्सिल्व्हॅनिका आणि वूडाय यांना चालतं. रोजच्या येण्या-जाण्याची वाट असेल तर तिथे दगडी फरशा टाका आणि लव्हाळा त्यांच्या मधून वाढू द्या. मुलांच्या क्रिकेटला तो पुरणार नाही. पूर्ण भरायला दोन-तीन वर्षं जातात आणि तोवर मधली उघडी माती तणांना आमंत्रण देते, ते हाताने काढावं लागतं. ‘देखभाल शून्य’ असं कोणी सांगत असेल तर त्याने पहिलं वर्ष बघितलेलं नाही.

डास, साप वाढतील?

लव्हाळ्यामुळे डास होत नाहीत, साचलेल्या पाण्यामुळे होतात. पावसाचं पाणी मुरवायला केलेला खळगा एक-दोन दिवसांत रिकामा झाला पाहिजे. उबदार हवेत डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. सापांचं म्हणाल तर कुठल्याही दाट हिरवाईत बेडूक येतात आणि बेडकांमागे तेही येऊ शकतात. घराच्या दाराशी बुटक्या जाती लावा, उंच ठोंब लांब ठेवा.

रोग, कीड?

फार नाही. पानांवर नारिंगी-तपकिरी पूड दिसली तर तांबेरा. तशी पानं कापून टाका आणि वरून पाणी मारणं थांबवा. या तांबेऱ्याच्या एका बुरशीचं अर्धं आयुष्य करंट या आंबट फळांच्या झुडपांवर किंवा नेटल (अर्टिका) या अंगाची आग करणाऱ्या रोपांवर जातं, तेव्हा ती शेजारी असतील तर तिकडेही बघा. कणसांत बियांऐवजी काळ्या गोळ्या आल्या तर ती काणी, तेवढं कणीस खुडा. गोगलगायी कोवळे कोंब कुरतडतात, पण शेजारी होस्टा हे रुंद पानांचं सावलीतलं रोप असेल तर आधी तिकडेच जातात. हरणं सहसा तोंड लावत नाहीत, ससे लावतात.

सोबतीला काय शोभेल?

बारीक पात्याशेजारी रुंद किंवा कातरलेलं पान हवं. फर्न तर हवेतच. उत्तर अमेरिकेत टायारेला, ट्रिलियम, रानातला निळा फ्लॉक्स. युरोपात प्रिम्युला आणि ब्लूबेल. पूर्व आशियात अस्टिल्बे, एपिमेडियम. कंद लव्हाळ्यांच्या मधोमध लावा. फुलं झाल्यावर कंदांची पिवळी पडणारी पानं लव्हाळ्याच्या नव्या वाढीत झाकून जातात, ती उगाच कापत बसावी लागत नाहीत. मी लव्हाळा लावायला लागलो तो खरं तर याच सोयीसाठी, बाकीचं प्रेम नंतर जडलं.

नर्सरीतून आणलेलं रोप पाटीवरच्या नावाचं नाही असं वाटतंय.

शक्यता चांगलीच आहे. कोवळे कॅरेक्स एकमेकांसारखे दिसतात आणि चुकीच्या पाट्या सर्रास लागतात. पेन्सिल्व्हॅनिका म्हणून आणलेलं माझं एक रोप तीन वर्षं एकाच जागी घट्ट बसून राहिलं, इंचभर सरकलं नाही. पसरणारी जात ठोंब करून बसली की समजायचं, नाव चुकलंय. नर्सरीवाल्याचा दोष असेलही, पण फळ न बघता विकत घेतलं ते मीच. आता घेताना कुंडी आडवी करून रोप अलगद बाहेर काढून बघतो. पांढरी, टोकदार मूळखोडं कडेने धावताना दिसली तर पसरणारा, नुसता मुळांचा झुपका दिसला तर ठोंबाचा.

सहा महिने झाले, रोप होतं तेवढंच आहे. मेलं का?

बहुतेक नाही. पहिलं वर्ष सगळी कमाई मुळांत जाते, वर काही दिसत नाही. चिमटीत चार पाती धरून हलकेच वर ओढा. रोपाने मातीला धरून ठेवलं तर ते ठीक आहे. सहज उपसून हातात आलं, बुंधा मऊ आणि तपकिरी लागला, वास आला, तर ते कुजलंय. मग त्याच जागी नवं रोप लावायची घाई नको. आधी पुन्हा तो फूटभर खड्डा खणा आणि पाणी भरून घड्याळ लावा.